माहिती चौकट : खासगी शाळेतील २५ टक्के जागा आणि एका कमाईचे घर

कायदा : शिक्षण हक्क कायदा, २००९, अंमल १ एप्रिल २०१०. कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावरील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना. शिक्षण आठवीपर्यंत मोफत. अल्पसंख्याक शाळांना सूट (सर्वोच्च न्यायालय, २०१४).

कोण पात्र : तुमसर तालुक्यातल्या आंबागडच्या पालकालाही राज्याचाच निकष. अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही. दुर्बल घटकासाठी वार्षिक मर्यादा १ लाख रुपये. ही मर्यादा घरातली बेरीज पाहते, कमावते हात मोजत नाही. दोघे मिळून महिना ८,२०० रुपये कमावत असतील तर वर्षाचे ९८,४०० होतात, घर पात्र. एकटाच ८,५०० कमावत असेल तर १,०२,००० होतात. घर बाहेर, मग त्या एका कमाईवर कितीही माणसे अवलंबून असोत. मर्यादा वाढवली तर प्रवेशाच्या सोडतीत सर्वांत गरिबांची संधी घटेल, हा आक्षेप रास्त आहे. पण तो मर्यादेच्या आकड्याला लागू पडतो. अवलंबून असलेली माणसे मोजण्याला नाही. तुलनेसाठी : २०१९च्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची केंद्रीय उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे.

अंतर : घरापासून १ किलोमीटरमधील शाळेला प्राधान्य, नंतर ३ किलोमीटरपर्यंत. खेड्यात खरी अडचण इथेच. जवळ खासगी शाळाच नसेल तर पात्रता कागदावर राहते.

२०२४ : सरकारी वा अनुदानित शाळेच्या १ किलोमीटर परिघातील खासगी शाळांना वगळणारी ९ फेब्रुवारीची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला रद्द केली.

कागद : उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, अर्जाआधी काढून ठेवावा.