हाय लाइन : छायाचित्रामागून आलेली बाग

वस्तू आधी असते व तिचे छायाचित्र मागून येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावरील 'हाय लाइन' या उंचावरच्या उद्यानमार्गाच्या बाबतीत हा क्रम उलटला आहे. तेथे कॅमेरा घेऊन जाणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर आपण कशाचे चित्र घेत आहो हेच त्यास कळावयाचे नाही.

हा मार्ग मूळचा मालगाड्यांचा. पूर्वी त्या दहाव्या ॲव्हेन्यूवरून, भर रस्त्यातून धावत. अपघात इतके होत की लोकांनी त्या रस्त्यास 'मृत्युपथ' असेच नाव पाडले होते. गाडीपुढे लाल निशाण घेऊन घोडेस्वार चाले तो यासाठीच. १९३४ साली पोलादी खांबांवरील मार्ग सुरू झाला. तो इमारतींच्या मधून, काही ठिकाणी तर थेट कारखान्यांच्या पोटातून नेला होता. पुढे मालवाहतूक ट्रकांकडे वळली आणि १९८० मध्ये गोठविलेल्या टर्की पक्ष्यांचा माल घेऊन शेवटची गाडी गेली.

यानंतरची वीस वर्षे तेथे माळी नव्हता. रुळांमधील खडीवर धूळ साठली, वाऱ्याने व पाखरांनी बी आणले, गवत माजले. खालून चालणाऱ्यास मात्र गंजके पोलाद व त्याखालचा अंधार एवढेच दिसे. सबब हे धूड पाडून टाकावे, असे तेथील जागामालकांचे म्हणणे होते. २००१ च्या अखेरीस महापौर रुडॉल्फ जुलियानी यांनी तशा हुकमावर सहीही केली. १९९९ मध्ये जोशुआ डेव्हिड व रॉबर्ट हॅमंड यांनी मार्गाच्या बचावासाठी संस्था स्थापिली होती. परंतु जे बहुतेकांनी पाहिलेलेच नाही ते वाचवा, असे म्हणावयाचे तरी कसे? ही अडचण जोएल स्टर्नफेल्ड यांच्या छायाचित्रांनी दूर केली. २००० पासून त्यांनी मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्याने, निरनिराळ्या ऋतूंत ती घेतली. दोन रूळ, त्यांमधील गवत, वर मळभलेले आकाश. माणूस जवळजवळ नाहीच. नोंद म्हणून ही चित्रे उत्तम आहेत, परंतु त्यांनी केलेले कार्य नोंदीचे नसून युक्तिवादाचे होते.

पुढे नगरशासनाचे धोरण पालटले. २००५ मध्ये रेल्वे कंपनीने मार्ग शहरास दिला आणि २००९ मध्ये पहिला भाग खुला झाला. मात्र दुरुस्तीसाठी खडी, माती व रूळ उचलावे लागले आणि चित्रांतील गवतही त्याबरोबर गेले. नंतर पीट औडॉल्फ यांनी नव्याने लागवड योजिली आणि काही रूळ क्रमांकानुसार पुन्हा जागी बसविले गेले. मराठीत 'रान' आणि 'बाग' यांतील भेद मुख्यतः कर्त्याचा आहे : रान माजते, बाग लावावी लागते. येथे रान लावलेले आहे. वाळलेले गवत हिवाळाभर मुद्दाम राखून वसंताच्या तोंडी हातांनी छाटतात. माळी नाही असे दिसावे, म्हणून इतके माळी.

सव्विसाव्या रस्त्यावर एक रिकामी पोलादी चौकट आहे. पूर्वी या मार्गास जाहिरातींचे फलक लटकत, त्यांची ती आठवण. वर बसलेल्यास तीतून रस्ता चित्रासारखा दिसतो; रस्त्यावरच्यास वर बसलेला माणूसच चित्र होतो. कॅमेरे दोन्ही बाजूंना असतात.

स्टर्नफेल्ड यांचे चित्र आज पुन्हा घेऊ म्हटले तर साधणे कठीण. केवळ गर्दी हे कारण नव्हे. २००५ मध्ये बांधकामाचे नियम बदलले व मार्गालगत काचेच्या उंच इमारती उठल्या. ज्या आकाशाने मार्ग वाचविला तेच बरेचसे झाकले गेले. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या उत्तर टोकाच्या भागात, रेल्वेच्या यार्डाभोवती, वाट साधी ठेवून आपसूक उगवलेली झुडपे जुन्या रुळांमध्ये तशीच राहू दिली. दक्षिणेकडून निघालेल्यास तेथवर सुमारे दोन किलोमीटर चालावे लागते.