केबलचा धंदा: वायर कोणाची, वही कोणाची?

केबलचा धंदा डिशपासून सुरू झाला नाही. मुंबईत १९८०च्या दशकात एका खोलीत व्हिडिओवर कॅसेट लावायची आणि गच्चीवरून वायर टाकून घरोघर सिनेमा पोचवायचा, एवढेच भांडवल! १९९१च्या आखाती युद्धाने सीएनएनची ओढ लावली, मग स्टार आला, २ ऑक्टोबर १९९२ला झी. गच्च्यांवर डिश चढल्या. वायर लांबली की चित्र फिकट होते, म्हणून वाटेत अॅम्प्लिफायर बसवावा लागे. हातात कसब असलेल्या कारागिराला इथे काम होते.

१९९५च्या कायद्याने टपाल कार्यालयात नोंदणी सक्तीची केली. तरी जोडण्या किती, हे ऑपरेटरच्या वहीलाच ठाऊक. खरी कमाई त्या वहीत होती. २०१२अखेर मुंबईभर सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि घरांचा हिशेब मोठ्या कंपन्यांच्या संगणकात गेला.