पुढच्या चाकांची परीक्षा : जीपचा तुंबा व स्टिअरिंग

बैलगाडीच्या काळांत शेतकऱ्यास आपल्या गाडीचा आवाज ओळखूं येत असे. तुंबा कोरडा पडला, आरा ढिला झाला किंवा धांव सरकली, तर गाडीवान गाडीवरून न उतरतां तें सांगूं शके. आज आमच्या पुष्कळ सभासदांच्या दारीं चारही चाकांना जोर मिळणारी जीप किंवा त्याच घडणीची लहान मालगाडी उभी असते. पण तिच्या पुढच्या चाकांची भाषा आम्हांस अद्याप तितकी अवगत झालेली नाहीं. गाडी थरथरूं लागली कीं आपण ती गॅरेजांत नेऊन सोडतों व मिस्त्री सांगेल तो भाग बदलून आणतों. यांत पैसा तर जातोच. परंतु घाटाच्या उतारावर जिवाचाही प्रश्न येतो. म्हणून दोष नेमका कोठें आहे हें घरच्या घरीं कसें ओळखावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

जीप ही मूळची दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी गाडी. अमेरिकेंतील विलीज कंपनीनें १९४५ सालीं तिची नागरी आवृत्ति काढली, ती मुख्यतः शेतकरी डोळ्यांसमोर ठेवूनच. १९४७ सालीं मुंबईस महिंद्र यांच्या कारखान्यांत या गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि तेव्हांपासून ही घडण आपल्या डोंगराळ मुलुखांत रुळली. पुढील विवेचन मुख्यतः या अखंड आंसाच्या जुन्या घडणीस लागू आहे. नव्या गाड्यांतील फरक शेवटीं सांगितला आहे.

प्रथम आमचीच गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं भाद्रपदांत टोमॅटोचे क्रेट भरून आम्ही जीप माळशेज घाटानें कल्याणच्या बाजारास नेत होतों. त्यापूर्वीं आठ-दहा दिवस, खड्डा लागला कीं हातांतलें चक्र थरथरे. आम्हीं गाडी एका गॅरेजांत नेऊन “स्टिअरिंग ढिलें झालें आहे, घट्ट करून द्या,” असें सांगितलें होतें. मिस्त्रीनें सांगितल्याप्रमाणें स्टिअरिंगच्या पेटीचा स्क्रू आंवळून दिला. चक्र जड झालें. थरथर मात्र राहिली. घाट उतरतांना एका वळणावर ती इतकी वाढली कीं गाडी कडेस घेऊन उभी करावी लागली. उतरून दोन्ही तुंब्यांना हात लावून पाहिला. उजवा कोमट होता. डाव्यावर हात टेकवेना. चाक उचलून हलविलें, तों तें आपल्या जागीं स्पष्ट डोलूं लागलें. उघडून पाहतां, बेअरिंग धरून ठेवणारे दोन्ही नट सैल झालेले, आणि त्यांच्यामधील चकतीची कड दुमडलेलीच नाहीं! गाडी ओढ्याच्या पाण्यांतून गेली म्हणून पंधरा दिवसांपूर्वीं तेंच चाक घरीं उघडून ग्रीस भरलें होतें. ती कड दुमडण्यास विसरलों ते आम्हीच. क्रेट दुसऱ्या गाडीनें पाठविले; ते दुपार टळल्यावर पोंचले व पडत्या भावानें गेले. तरी तो तोटा आम्ही स्वस्त समजतों, कारण ज्या बाजूचें चाक सैल होतें त्याच बाजूस दरी होती.

यांत मिस्त्रीचा दोष नाहीं. आम्हीं त्यास लक्षण सांगण्याऐवजीं रोगाचें नांव सांगितलें, आणि त्यानें त्या नांवाचें औषध दिलें. या प्रसंगापासून आम्ही एक नियम धरला आहे : चक्र हा केवळ निरोप्या आहे. निरोप कोणीं धाडला हें शोधावयाचें तर जमिनीकडून वर यावें. हाताकडून खालीं जाऊं नये.

रचना

पुढच्या आंसाच्या दोन्ही टोकांस एकेक पोकळ गोळा असतो. त्याभोंवतीं, वरच्या व खालच्या किंगपिनवर फिरणारी एक पेटी असते. तिला मिस्त्री लोक नकल म्हणतात. नकलीच्या बाहेरच्या अंगास स्पिंडल असून त्यावर दोन निमुळत्या रोलर बेअरिंगांच्या आधारानें तुंबा, म्हणजे हब, फिरतो. स्पिंडल पोकळ असतो. इंजिनचा जोर बाहेर आणणारा दांडा त्यांतून येऊन तुंब्यास मिळतो. चाक वळावयाचें असल्यामुळें गोळ्याच्या आंत त्या दांड्यास सांधा ठेवलेला असतो. दुसऱ्या बाजूनें पाहतां, चक्राची हालचाल स्टिअरिंगच्या पेटींतून ड्रॅग लिंकमध्यें, तेथून जुन्या जीपमध्यें मधोमध असलेल्या बेलक्रँक नांवाच्या तरफेंत, आणि तेथून टायरॉडांनीं दोन्ही चाकांकडे जाते. म्हणजे हातापासून जमिनीपर्यंत सात-आठ सांधे झाले. प्रत्येकांत केंसभर ढिलाई आली, तरी चक्रावर ती चार बोटें होऊन दिसते.

पहिली परीक्षा : टायर व रिम

दोन्ही पुढच्या टायरांत हवा सारखी आहे काय, हें आधीं पाहावें. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. मधला पट्टा झिजला असेल तर जास्त भरली गेली. एकच कड झिजली असेल किंवा नक्षीवर हात फिरविला असतां करवतीसारखे दांते लागत असतील, तर चाकांचा मेळ चुकला आहे. आपल्याकडे आणखी एक कारण नेहमीं घडतें. शेतांतील चिखल रिमच्या आंतल्या अंगास एकाच बाजूस वाळून बसतो व चाकाचा तोल जातो. वेगांत उठणारी थरथर कित्येक वेळां नुसत्या पाण्यानें धुऊन गेलेली आम्हीं पाहिली आहे.

चाकाचे नट तपासतांना एक गोष्ट ध्यानांत असावी. पुष्कळ जुन्या जीपांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. ते नट उजवीकडे फिरविले असतां सुटतात. हें न जाणतां जोर केल्यास बोल्ट तुटतो.

दुसरी परीक्षा : हाताचा पंजा

पंधरा-वीस किलोमीटर चालल्यानंतर गाडी थांबवून दोन्ही तुंब्यांवर बेतानें हात ठेवावा. दोन्ही सारखे कोमट असणें स्वाभाविक आहे. एकच तापला असेल तर तेथें बेअरिंग फार आंवळलेलें, सुकलेलें वा खराब झालेलें आहे, किंवा ब्रेक धरून राहिला आहे. ब्रेक धरत असेल तर गाडी त्या बाजूस ओढतेही. मात्र ओढ असून तुंबे थंड असतील, तर पाट्यांकडे पाहावें. पाट्यांचा मधला बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले, तर आंसच एका बाजूस मागें सरकतो, आणि मग चक्र कितीही सरळ धरिलें तरी गाडी सरळ जात नाहीं.

तिसरी परीक्षा : चाक उचलून

सपाट, टणक जागीं गाडी उभी करून मागच्या चाकांस पुढून-मागून दगड लावावे. जॅकवर चाक उचलल्यावर आंसाखालीं लांकडाचा भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कोणीही जाऊं नये. नंतर चाक वर व खालीं धरून आंत-बाहेर हलवावें. डोलत असेल तर दुसऱ्या मनुष्यास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें व पुन्हां हलवावें. ब्रेक दाबतांच डोलणें नाहींसें झालें, तर ढिलाई तुंब्याच्या बेअरिंगांत आहे. ब्रेक दाबूनही तें राहिलें, तर ढिलाई किंगपिनमध्यें आहे. या एका परीक्षेनें अर्धा वाद मिटतो. हीच ढिलाई चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवितांनाच तेवढी दिसत असेल, तर टायरॉडच्या सांध्यांकडे वळावें.

उचललेलें चाक हातानें फिरवूनही पाहावें. खरखर लागली तर बेअरिंग खालीं काढावेंच लागेल. आंतलें ग्रीस दुधाळ, पांढरट दिसलें तर पाणी शिरलें आहे. तें सर्व पुसून, बेअरिंग धुऊन, वाळवून नवें ग्रीस भरावें. भातखाचरांतून व ओढ्यांतून जाणाऱ्या गाडीस पावसाळ्याच्या अखेरीस हें केलेंच पाहिजे. नकलीच्या गोळ्यावरून तेल ओघळत असेल तर तेथील सील गेलें आहे. जेथून तेल बाहेर येतें तेथूनच चिखल आंत जातो.

चौथी परीक्षा : दोन माणसांची

गाडी जमिनीवर उभी असतां एकानें चक्र थोडें थोडें डावी-उजवीकडे हलवावें. दुसऱ्यानें इंजिन बंद असल्याची खात्री करून प्रत्येक सांध्यावर बोटें ठेवावीं. ज्या सांध्यांत एक बाजू हलते व दुसरी क्षणभर मागें राहते, तोच ढिला. जुन्या जीपमध्यें बेलक्रँकची पिन या बाबतींत पहिली संशयित समजावी. ड्रॅग लिंक, टायरॉडचीं टोकें, पाट्यांचे बुश असा क्रम लावावा, आणि स्टिअरिंगच्या पेटीकडे सर्वांच्या शेवटीं जावें. पेटीचा स्क्रू आंवळणें झालेंच तर चाकें सरळ ठेवून, चक्र सहज फिरेल इतपतच आंवळावा. मधल्या जागीं ती पेटी मुळांतच किंचित् घट्ट घडविलेली असते. दुसऱ्या ठिकाणीं आंवळली तर सरळ रस्त्यावर ती जखडते.

खड्डा लागतांच दोन्ही चाकें वेड्यासारखीं डावी-उजवीकडे फडफडूं लागणें, हा दोष बहुधा एका सांध्याचा नसतो. ढिली किंगपिन, झिजलेलीं टोकें व तोल गेलेलें चाक यांचा तो संगम असतो. असें झाल्यास चक्राशीं झोंबूं नये. तें दृढ धरून वेग कमी करावा.

चारही चाकांचा जोर व आवाज

चारी चाकांचा जोर लावून डांबरी रस्त्यावर वळण घेतां चक्र जड होतें व गाडी अडखळते. हा दोष नव्हे. वळतांना पुढच्या चाकांस मागच्यांपेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें, पण या जोडणींत दोन्ही आंस एकाच गतीस बांधलेले असतात. चिखलांत चाकें घसरून हा हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर तो दांत्यांवर बसतो. म्हणून टणक रस्ता लागतांच पुढचा जोर सोडावा. पुढचे व मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील, तर हाच ताण सरळ रस्त्यावरही पडतो.

पूर्ण वळण घेतां पुढून कट्‌कट् आवाज आला तर नकलीच्या आंतील सांधा झिजला आहे. ज्या गाड्यांस हातानें लावण्या-सोडण्याचे हब आहेत, त्यांत दोन्ही बाजू सारख्या लागल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. एक लागला व दुसरा सुटा राहिला, तर पुढच्या आंसाचा सर्व जोर सुट्या बाजूस वायां जातो, आणि चिखलांत पुढचीं चाकें ढिम्म राहतात. अर्धवट बसलेला हबही असाच कट्‌कट् वाजतो. आंतला सांधा बदलण्यापूर्वीं तो नीट बसवून पाहावा.

जुळणीची मापें

तुंब्याचें बेअरिंग बसवितांना चाक फिरवीत आंतला नट चाक अडेपर्यंत आंवळावा. मग सुमारें एक षष्ठांश फेरा मागें सोडावा. चाक मोकळें फिरलें पाहिजे, पण डोलतां कामा नये. त्यावर चकती, त्यावर दुसरा नट; आणि तो आंवळल्यावर चकतीची कड नटावर दुमडावी. आमच्या घाटांतल्या प्रसंगाचें मूळ या एका दुमडीत होतें, म्हणून हें वाक्य वाचकांनीं दोनदां वाचावें. किंगपिनची ढिलाई वरच्या झांकणाखालील पातळ शिम काढून घालवितां येते. दोन्ही बाजूंस चाक जड न होतां वळावें, इतकेंच कमी करावें. दोन्ही चाकें पुढच्या अंगास किंचित् जवळ असावीं लागतात. जुन्या जीपमध्यें हें अंतर सुमारें एक ते अडीच मिलीमीटर सांगितलेलें आहे. सर्व ढिलाई काढल्यावरच हें माप घ्यावें, एरवीं तें दुसऱ्या दिवशीं टिकत नाहीं.

नव्या गाड्यांपैकीं पुष्कळांत किंगपिनऐवजीं बॉल जॉइंट असतात व तुंब्याचें बेअरिंग बंद असतें. तें जुळवितां येत नाहीं, संपूर्ण बदलावें लागतें. तथापि उचलणें, हलविणें, हात लावून पाहणें व ऐकणें या परीक्षांचा क्रम तेथेंही तोच आहे.

सुगीची वाहतूक सुरू होण्यापूर्वीं एक सकाळ या कामीं खर्च करावी, अशी आमची सभासदांस विनंति आहे. आणि गाडी गॅरेजांत न्याल तेव्हां मिस्त्रीस अमुक भाग बदला असें न सांगतां, काय होतें, कधीं होतें, कोणत्या बाजूस होतें व ब्रेक दाबल्यावर काय झालें, एवढें सांगावें. जाणता मिस्त्री तेवढ्यावरून पुढचें ओळखतो.