दिवा लागतो, पण आकडा उमटत नाही

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सणाची गर्दी असताना काउंटरवरचा बारकोड स्कॅनर गप्प बसला, की दुकानदाराचा जीव खालीवर होतो. बिघाड मात्र बहुधा वायरीतच असतो.

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच! म्हणून स्कॅनरचा दिवा लागतो, पण संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. आधी केबल बदलून पाहावी. यूएसबी 2.0च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअरपर्यंतच वीज मिळते. तीच हबवर चार उपकरणांत वाटली गेली की स्कॅनर मध्येच बंद पडतो. तो थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला जोडावा. साधी केबलही पाच मीटरपेक्षा लांब नको.

बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच आपली ओळख सांगतात. त्यामुळे नोटपॅड उघडून साबणाची वडी स्कॅन करावी. तिथे आकडे उमटले, तर स्कॅनर ठणठणीत आहे. दोष बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधावा.

अक्षरांच्या जागी काने-मात्रे उमटले, तर? कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. तो इंग्रजीवर आणला, की बिलं पुन्हा सुरू.