जवारीवर चाललेली गल्ली

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या दुकानांत भिंतीला टेकून उभे केलेले तानपुरे पाहिले, की नवख्या माणसाला वाटतं हा सगळा विक्रीचा माल. त्यातले कितीतरी विकायचे नसतातच. कुणाची दांडी वाकली आहे, कुणाचा भोपळा गाडीत तडकला आहे, आणि उरलेल्यांचं दुखणं एकच : जवारी गेली. गल्लीचं अर्थकारण समजून घ्यायचं तर नव्या तानपुऱ्यांपेक्षा या जुन्यांकडे आधी बघावं. कला हाच ज्यांचा धंदा आहे त्यांना हल्ली सल्ले फार मिळतात. नवं डिझाइन काढा, ब्रँड करा, निर्यात करा. मिरजेत या धंद्याला पावणेदोनशे वर्षं होत आली आणि माझ्या मते तो तगला तो दुरुस्तीमुळे.

तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट दिसतो, पण तो अगदी किंचित उतरता असतो. तार त्यावर टेकून सुटत नाही, घासत सुटते, आणि त्या घासण्यातून मूळ स्वराच्या पोटातले वरचे स्वर बाहेर येतात. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवायचा, तो नेमक्या जागी आला की आवाज फुलतो. पण वाजवून वाजवून तारा घोडीत चरे पाडतात आणि तो उतार बिघडतो. मग घोडी पुन्हा घासावी लागते : कानस, बारीक पॉलिशपेपर, तार चढवा, ऐका, उतरवा, पुन्हा घासा. मोजायला काही साधन नाही, कान हेच माप. एक घास जास्त झाला तर मागचं सगळं काम वाया.

म्हणजे तानपुरा ही विकून मोकळं होण्याची वस्तू नाही. गाणारा जितका रियाजी, तितक्या लवकर तो परत येणार. नवा तानपुरा माणूस आयुष्यात दोन-चार घेईल, जवारी मात्र जन्मभर लावून घेईल. आणि ज्याच्या हाताची जवारी गळ्याला मानवली, त्याच्याकडेच तो आपल्या शिष्यांना नव्या जोडीसाठी पाठवणार. गल्लीतल्या कारखान्यांत कामं वाटलेली असतात. भोपळा आणि दांडी जोडणारे हात वेगळे, नक्षीचे वेगळे, पॉलिशचे वेगळे. जवारी बहुधा जाणत्या माणसाकडेच राहते, कारण गिऱ्हाइकाची ओळखही तिथेच राहते.

हे सगळं मिरजेतच का जमलं, याची गोष्ट हत्यारांपासून सुरू होते असं सांगतात. गल्लीतल्या मूळ घराण्याचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाले घडवणारे, धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांचं गिऱ्हाईक आटलं. १८५०च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोईनुद्दीन वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्त करता करता नवी वाद्यं घडवू लागले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी दुरुस्ती, मग निर्मिती. दुसऱ्याने केलेलं वाद्य कुठे कच्चं पडतं हे उघडून पाहिल्यावरच त्यांनी आपलं केलं.

गाव तसं संस्थानी, पटवर्धनांचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवत. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले. संगीत नाटकांच्या कंपन्या यायच्या. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथे स्थायिक झाले. १९३७ साली ते गेले, आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. असं गिऱ्हाईक गावात राहतं तेव्हा कारागिराला थातुरमातुर काम खपवता येत नाही. किराणा घराण्याचा स्वरलगाव आणि मिरजेची जवारी एकमेकांच्या शेजारी वाढली.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे संगीताचे इतिहास फारसे बघत नाहीत : रेल्वे. मिरज जंक्शन आहे. पुणे-मुंबईकडून बेळगाव, हुबळी, धारवाडकडे जाणारा माणूस इथूनच जातो. कोल्हापूरचा फाटा इथेच. पंढरपूर-कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वे १९२७ साली इथवर पोचली. कर्नाटकातून महाराष्ट्रात गायला येणारे आणि इथून तिकडे जाणारे वाटेत उतरू शकत होते. दुरुस्तीच्या धंद्याला गिऱ्हाइकाची अशी येजा लागते. आडगावात कितीही उत्तम कारागीर असता, तरी तडकलेला तानपुरा घेऊन तिथवर कोण गेलं असतं?

सतारीत मात्र कोलकात्याचं आणि दिल्लीचं नाव मोठं झालं. रविशंकरांची सतार कोलकात्याच्या नोडू मल्लिक यांनी घडवलेली होती. मिरजेने सतार सोडली नाही, पण गल्लीची खरी ओळख तानपुऱ्यावर बांधली गेली. तानपुरा कधी मैफलीचा नायक नसतो, त्याच्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. पण सतार फक्त सतारियाला लागते आणि तानपुरा प्रत्येक गवयाला, तोही जोडीने. पुरुषांचा मोठा, बायकांचा लहान. गल्लीने ही निवड बैठक घेऊन केली नसावी, पण धंद्याच्या हिशेबाने ती शहाणी ठरली.

कच्च्या मालाचं दुखणं वेगळंच. भोपळा कडू जातीचा, भाजीला निरुपयोगी. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. बाजारात त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून शेतकरी तो लावतो ते केवळ मिरजकर घेतील या भरवशावर. वेल जमिनीवर पसरतो, फळाला ओल लागली की डाग, डाग पडला की आवाजाला मुकला. एका अवकाळी पावसात वर्षाचा माल जातो. पुढे तो वाळवायचा, महिनोन्‌महिने ठेवायचा; तुणीचं लाकूडही मुरू द्यायचं. या काळात पैसा नुसता पडून असतो, आणि बँकेच्या कागदावर वाळणारा भोपळा तारण म्हणून कसा दाखवायचा? दुरुस्तीचे रोजचे चार पैसे इथे कामी येतात. नवं वाद्य पुरतं मुरेपर्यंत घर त्यावर चालतं.

कायद्यानेही हात बदलायला लावला. घोडीला पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुढे कडक होत गेलेले नियम यांनी ते बंद झालं. उंटाचं हाड, शिसवी, कठीण प्लॅस्टिक आलं. जुने गवई नाकं मुरडत राहिले, कारागिरांनी कानस नव्या पदार्थाला जुळवून घेतली.

मोठा धक्का आला तो बेंगळुरूहून. जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. डब्यासारखी ती पेटी क्लासेसमध्ये, घरोघर शिरली. नंतर ती मोबाइलमध्ये गेली आणि जवळजवळ फुकट झाली. शिकाऊ विद्यार्थ्याचा पहिला तानपुरा हे मिरजेचं ठरलेलं गिऱ्हाईक होतं, ते निसटलं. गल्ली त्या धक्क्यातून निघाली, कारण पेटीची जवारी जात नाही, पण गवयाचं पेटीवर भागत नाही. मैफलीत मागे दोन तानपुरे लागतातच. नव्यांची मागणी घटली तरी जुन्यांची देखभाल संपली नाही. शिवाय विमानात नेता येईल असा लहान, चपटा तानपुरा करणारेही गल्लीत निघाले. मोठ्या भोपळ्याची गाज त्यात नाही, पण प्रवास करणाऱ्याला तो पुरतो.

२०२४मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, पण मानांकनाने काय होतं हे नीट समजून घ्यावं. दहा वर्षांची नोंदणी, नंतर नूतनीकरण, आणि नावाचा अधिकृत वापर करायला प्रत्येक कारागिराने स्वतःची वेगळी नोंद करायची. ते नाव चोरणाऱ्याला अडवतं, गिऱ्हाईक आणून देत नाही. जिथे कित्येक पाट्यांवर एकच ‘सतारमेकर’ आडनाव आहे, तिथे कुणाचा हात कोणता हे मानांकनाच्या कागदावरून कळणार नाही. करांतही अशीच गाठ आहे. हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी नाही, पण सूट असल्यामुळेच तारा, पॉलिश, खोक्यांवर भरलेला कर परत मिळत नाही. मोठा कारखानदार हे पचवतो, चार माणसांच्या कारखान्याला ते जड जातं.

खरी अडचण आता माणसांची आहे. जवारी शिकायला वर्षं जातात आणि शिकताना कमाई कमी. घरातला मुलगा सांगली-पुण्यात नोकरी धरतो, त्यात त्याची चूक काय? दुसऱ्या बाजूला गाण्याच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या. न्यू जर्सीत बसून मराठी मुलगी पुण्याच्या गुरूकडे शिकते आणि मिरजेहून तानपुरा मागवते. खोकं नीट भरलं तर तो सुखरूप पोचतोही. वर्षा-दोन वर्षांनी जवारी जाते तेव्हा तिने काय करायचं, याचा बंदोबस्त गल्लीला अजून करायचा आहे : घासून तयार केलेल्या जादा घोड्या सोबत द्यायच्या, की दर हिवाळ्यात कुणी कारागिराने कानस घेऊन तिकडे फेरी करायची.