कच्चे लिंबू नसलेला खेळ : टच रग्बी

टच रग्बीत गडी पाडायचा नसतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याला हाताने नुसते शिवले, की त्याची धाव तिथेच थांबते. १९६०च्या दशकात सिडनीत रग्बी लीगचे खेळाडू सरावाआधी अंग मोकळे करण्यासाठी असे खेळत. १९६८मध्ये साऊथ सिडनी भागात त्याचा पहिला क्लब निघाला, १९८५मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि १९८८मध्ये ऑस्ट्रेलियातच गोल्ड कोस्टला पहिला विश्वचषक भरला. मुले आणि मुली एकाच संघात असण्याचा मिश्र गट या खेळात अधिकृत आहे. शाळेच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे.

पूर्ण मैदान ७० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूचे सहा गडी खेळतात आणि बदली गडी कितीही वेळा आत-बाहेर करता येतात. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे, पास मात्र बाजूला किंवा मागेच द्यायचा. समोरच्या संघाची शेवटची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला की एक गुण. गडी शिवला गेला की तो त्याच जागी चेंडू जमिनीवर ठेवतो किंवा दोन पायांमधून मागे सरकवतो. याला रोलबॉल म्हणतात. मागचा साथीदार तो उचलून चाल पुढे नेतो. त्याला ‘हाफ’ म्हणतात. बचाव करणाऱ्यांनी तोवर सात मीटर मागे हटायचे असते. सहा वेळा शिवले गेले की चेंडू समोरच्यांकडे जातो आणि चेंडू हातातून जमिनीवर पडला तरीही जातो.

चाळीस मुलांच्या वर्गाला हे सगळे नियम एका दमात सांगण्यात अर्थ नाही. त्या वर्गात जिल्हा पातळीवर धावणारी मुलगी असते, दम्याचा पंप जवळ ठेवणारा मुलगा असतो, कमी दिसणारे किंवा कमी ऐकू येणारे कुणी असते, कुणी व्हीलचेअरवर असते आणि चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारी चार-पाच जण तर हमखास असतात. गल्लीतल्या खेळात अशा मुलांसाठी ‘कच्चे लिंबू’ ही जुनी सोय आहे: त्याने खेळावे, पण त्याचे आऊट होणे धरायचे नाही. या सोयीत माया आहे, पण खेळातला वाटा नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ने शाळांवर खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने देण्याची जबाबदारी टाकली आहे. बरोबरीने म्हणजे ज्याचा पास मोजला जातो आणि ज्याची चूकही मोजली जाते, अशा गड्यासारखे. त्यासाठी बदलायचा तो खेळाचा आकार.

पहिल्या तासाला चेंडू लागत नाही. शिवणापाणी, साखळी, खो-खो, आट्यापाट्या खेळलेल्या मुलांना हुलकावणी शिकवावी लागत नाही. तिला फक्त दिशा द्यावी लागते. फक्कीने दहा-दहा मीटरचे चौकोन आखून प्रत्येकात आठ-दहा मुले सोडली, तर चौघांचे पळणे आणि बाकीच्यांचे पाहणे हा नेहमीचा प्रकार टळतो. शिवण्याची रीत मात्र इथेच पक्की करावी. अधिकृत नियमात अंग, कपडे, केस, अगदी हातातला चेंडू शिवला तरी चालतो. वर्गात खांद्यापासून कमरेपर्यंत, पाठीवर किंवा बाजूला, उघड्या तळव्याचा हलका स्पर्श एवढेच ठेवावे. शिवणाऱ्याने ‘टच’ म्हणून हात वर करायचा. ढकलणे किंवा फटका मारणे म्हणजे पेनल्टी. ज्यांना कुणी अंगाला हात लावलेला सोसत नाही, त्यांच्यासाठी कमरेला कापडी पट्टी खोचावी आणि ती ओढणे म्हणजेच टच समजावे. तेवढ्या एकाला वेगळे पाडण्यापेक्षा सगळ्या चौकोनालाच पट्ट्या द्याव्यात.

मग चेंडू. लांबुळक्या चेंडूची भीती वाटते, कारण तो कुठे उसळेल याचा नेम नसतो. म्हणून आधी मऊ फोमचा किंवा थोडी हवा कमी केलेला लहान चेंडू घ्यावा. झेलणाऱ्याने दोन्ही हात छातीसमोर, बोटे पसरून, देणाऱ्याकडे रोखायचे. देणाऱ्याने चेंडू दोन्ही हातांत धरून अंगासमोरून एका बाजूकडून दुसरीकडे न्यायचा. चेंडू सुटल्यावर बोटे साथीदाराच्या हातांकडे वळलेली दिसली पाहिजेत. ती आकाशाकडे वळलेली असतील तर पास डोक्यावरून गेलेला असतो. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूला प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळतात. तिची सळसळ ऐकून चेंडू कुठून येतो ते कळते. पास देण्याआधी नाव घेऊन हाक मारण्याची सवय तर सगळ्यांनाच उपयोगी पडते. ऐकू न येणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर रंगीत झेंडी वर करावी.

या खेळातली खरी अडचण मागे पास देण्याची आहे. धाव पुढे आणि चेंडू मागे, हे शरीराला उलटे वाटते. पास पुढे गेला की देणाऱ्याला बोलणे बसते. दोष बहुतेक वेळा घेणाऱ्याचा असतो, कारण तो उत्साहाने चेंडूच्या पुढे निघून गेलेला असतो. चौघांना तिरप्या ओळीत, प्रत्येकाला शेजारच्याच्या दोन पावले मागे उभे करावे आणि ती ओळ चालत मैदान पार करायला लावावी. नुसते चालत. चेंडू डावीकडून उजवीकडे आणि परत. ‘शेजारच्याची पाठ दिसते का?’ एवढाच प्रश्न विचारत राहावे. पाठ दिसली तर जागा बरोबर. चालताना तिरपी ओळ टिकली की जॉगिंग, मग धाव. या एका सरावावर दोन तास गेले तरी ते वाया जात नाहीत. पुढच्या निम्म्या चुका इथेच मिटतात.

नंतर दोघांविरुद्ध एक. चेंडूवाला सरळ बचावणाऱ्याच्या अंगावर चाल करून जातो. दोन-तीन पावलांचे अंतर उरते, बचावणाऱ्याचे खांदे त्याच्याकडे वळतात, हात पुढे येतो, आणि त्याच क्षणी चेंडू शेजारच्याकडे जातो. शेजारी मोकळा सुटतो. हा क्षण ओळखता आला की मुलांना खेळ कळतो. यात वेगाचे काम थोडे आणि नजरेचे जास्त आहे, त्यामुळे हळू धावणारे मूल इथे अनेकदा वर्गातले सर्वांत चांगले पास देणारे निघते. हाफच्या जागेचेही तसेच. चेंडू हातात असताना हाफ शिवला गेला तर चेंडू समोरच्यांना मिळतो आणि त्याला स्वतःला गुण करता येत नाही. लांब धाव न घेता अचूक उचलून अचूक देणाऱ्याची ही जागा आहे.

सामना लहान असावा: चौघांविरुद्ध चौघे, तीस बाय वीस मीटर, बचाव सातऐवजी तीन मीटर मागे. पहिल्या सामन्यांत चेंडू पडला तर तो टचपैकी एक धरावा, लगेच हिरावून घेऊ नये. नाहीतर ज्याच्या हातून चेंडू सुटतो त्याला कुणी पास देईनासे होते. ‘सर्वांचा हात लागल्याशिवाय गुण नाही’ हा शाळांत आवडता नियम असला, तरी तो टाळलेला बरा. त्यात कमकुवत मुलाला दयेचा एक पास मिळतो आणि तो कधी येणार हे बचावणाऱ्यांनाही आधीच कळते. त्यापेक्षा जागा बदलावी. कडेची पाच मीटर रुंदीची पट्टी फक्त चालण्यासाठी राखली, तर तिथला गडी आणि त्याला अडवणारा दोघेही चालतात आणि तिथून केलेला गुण पूर्ण गुण असतो. व्हीलचेअरवरचा गडी चेंडू मांडीवर ठेवून जाऊ शकतो, खुर्चीला हात लागला की टच, आणि रोलबॉल त्याने बाजूने मागे टाकावा. त्यासाठी माती-गवतापेक्षा बास्केटबॉलचे पक्के मैदान चांगले. जास्त वेगवान मुलांना मोकळ्या मैदानापेक्षा अरुंद मैदान द्यावे, म्हणजे पास दिल्याशिवाय त्यांना वाट सापडत नाही.

संघ शिक्षकांनीच आदल्या दिवशी पाडावेत. दोन कर्णधार गडी मागू लागले की शेवटी कोण उरणार, हे त्या मुलाला पहिल्या नावापासूनच माहीत असते. पाय मुरगळलेल्याला पंच करावे, पण ते त्या दिवसापुरतेच. तेच मूल दर वेळी शिट्टी घेऊन उभे दिसले, तर ते खेळाबाहेर बसवल्यासारखेच आहे. पंचाचे काम पाळीपाळीने सगळ्यांकडे जावे. बाकावर थांबलेल्या बदली गड्यांना वही द्यावी आणि प्रत्येकाच्या हाती चेंडू किती वेळा आला, याच्या उभ्या रेघा ओढायला सांगाव्यात. गुणफलकापेक्षा ती वही पुढच्या तासाच्या आखणीला जास्त उपयोगी पडते. तिच्यातल्या रेघा सगळ्यांच्या नावापुढे जवळपास सारख्या दिसू लागल्या की मैदान वाढवावे, चेंडू पडला तर ताबा जाण्याचा नियम परत आणावा आणि बचावाचे सात मीटर लागू करावेत.