इंग्रजीतला ‘तर’ : शब्द द्यायचा की विचार सांगायचा?

बचत गटाच्या आजच्या गप्पांत थोडं इंग्रजी घेऊ या. घाबरू नका, शब्द एकच आहे आणि तो आपल्या ओळखीचा आहे : ‘तर’.

आपल्यापैकी बऱ्याच जणींचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली, म्हणून आपली मुलं धिटाईनं बोलतात. पण नागपूरला किंवा मुंबईला प्रदर्शनात स्टॉल लावला, की बाहेरच्या राज्यातलं गिऱ्हाईक इंग्रजीत विचारतं, आणि तिथं मूल सोबत नसतं. भाव, वजन, तारीख आपण सांगतो. अडतं ते ‘तर’पाशी.

समजा, आपल्या गटाचं संत्र्याचं सरबत आहे. ही दोन वाक्यं बघा.

‘तुम्ही शंभर बाटल्या घेतल्या तर आम्ही भाव कमी करू.’ हा सौदा झाला. आपण शब्द दिला.

‘आमच्याकडे मोठी मशीन असती तर आम्ही रोज शंभर बाटल्या केल्या असत्या.’ म्हणजे मशीन नाही. हा नुसता विचार झाला.

आता इंग्रजी. पहिलं वाक्य : ‘इफ यू टेक हंड्रेड बॉटल्स, वुई विल रिड्यूस द प्राइस.’ यात टेक आणि विल.

दुसरं : ‘इफ वुई हॅड अ बिग मशीन, वुई वुड मेक हंड्रेड बॉटल्स अ डे.’ यात हॅड आणि वुड. व्याकरणात याला सेकंड कंडिशनल म्हणतात.

शाळेत आपण ‘हॅड’ म्हणजे ‘होतं’ असं शिकलो. पण इथं गोष्ट कालची नाही, मशीन आज नाही. जे खरं नाही किंवा घडेलसं वाटत नाही, ते सांगायला इंग्रजी भूतकाळाचं रूप वापरते.

यात नवल नाही. ‘उद्या गारपीट झाली तर आंबिया बहाराची फुलं गळतील,’ असं आपणही म्हणतो. गोष्ट उद्याची, पण शब्द ‘झाली’!

इथंच आपण फसतो. मराठीत ‘घेतल्या तर’ म्हणून आपण इंग्रजीत ‘इफ यू टूक, वुई वुड’ म्हणून जातो. गिऱ्हाइकाला वाटू शकतं, की या बाया नुसतं बोलून बघत आहेत, पक्कं काही नाही. हातची ऑर्डर जाऊ शकते. खरंच देणार असाल तर टेक आणि विलच म्हणा.

दुसरी चूक : ‘असती तर केल्या असत्या’ यात दोन्हीकडे ‘असत’ येतं, म्हणून आपण इंग्रजीतही दोन्हीकडे वुड लावतो. तसं करू नका. इफच्या भागात हॅड, दुसऱ्या भागात वुड.

या वुडचा फायदाही आहे. रिकाम्या बाटल्या घ्यायला ठोक व्यापाऱ्याकडे गेलात, तर विचारा : ‘इफ वुई टूक फाइव्ह हंड्रेड, व्हॉट वुड द प्राइस बी?’ भाव कळतो आणि आपण बांधले जात नाही. मग बैठकीत हिशेब करून ठरवायचं.

मैत्रिणीला सल्ला देतानाही हेच रूप येतं : ‘इफ आय वेअर यू, आय वुड वेट.’ मी तुझ्या जागी असते तर थांबले असते. ‘आय’सोबत इथं वॉजऐवजी वेअर म्हणतात. बोलताना कोणी वॉज म्हणालं तरी चालतं.

पुढच्या बैठकीत वसुली झाली, की प्रत्येकीनं दोन वाक्यं बोलायची. गटाकडे जे नाही, त्याचं एक हॅड-वुड. आपण जे नक्की करणार, त्याचं एक विल. चुकलं तर हसा, पण पुन्हा बोला.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!